चमत्कार, गारुड आणि ‘असणे’

गतवर्षी चैत्रातील यात्रेच्या निमित्ताने फलटण येथे राहणे झाले असता सांगलीकडील एक तरुण वासनिक भेटीस आले. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे, घरात तीन पिढ्यांचा धर्म, बोलण्यात विनय. दंडवत करून बसले आणि काही वेळाने म्हणाले, “बाबा, एक विचारू? रागावू नका. गावच्या जत्रेत जादूगार येतो, रिकाम्या पेटीतून कबुतर काढतो. त्याला आम्ही जादू म्हणतो. आपल्या ग्रंथांतही अघटित गोष्टी आहेत; त्यांना आम्ही लीळा म्हणतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. मग फरक कोठे राहिला? आणि जे आज कोणी तपासू शकत नाही ते ‘होते’ असे म्हणण्याचा अर्थ तरी काय?”

मी नेहमीचे उत्तर दिले. जादूगार द्रव्यासाठी करतो, परमेश्वर कृपेसाठी करतो, जादूत वस्तू नसते, लीळेत वस्तू असते, इत्यादी. त्यांनी मान हलविली. ती मान आदराने हलली होती, समाधानाने नव्हे, हे न कळण्याइतका मी आता तरुण राहिलेलो नाही. या प्रश्नाचा पुरता विचार करावयाचा तर मला माझ्याच आयुष्यातील एका गोष्टीकडे जावे लागते. ती मी आजवर कोठे लिहिलेली नाही. परंतु आधी शास्त्राची बाजू पाहू.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीसाठी सर्वांस ठाऊक आहे. तेथे अशी कथा सांगतात की, गोरखनाथ एका घरी भिक्षेस गेले असता गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती, म्हणून भिक्षा घालण्यास तिला उशीर झाला. नाथांनी कारण विचारले, आणि जिवंत नागाची पूजा करशील काय, असे म्हणून त्या मातीच्या नागास सजीव केले. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नागाची पूजा सुरू झाली आणि तेथील नाग कोणास चावत नाही, अशी समजूत रूढ झाली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे नाग पकडून मिरविण्यावर बंधने आली, तो इतिहास निराळा. आपल्यापुरते पाहावयाचे ते असे की, या एका गावात ‘असण्या’चे सगळे प्रकार एकत्र आले आहेत.

रानातला नाग आहे. कोणी पाहो वा न पाहो, तो आहे. पाटावरचा मातीचा नाग माती म्हणून आहे, नाग म्हणून नाही. पण पूजा करणाऱ्या बाईस हे पुरते ठाऊक आहे, म्हणून तेथे फसवणूक नाही. यांत वेदान्त्यांचा दोरीवरचा नाग मिळवावा. तो मुळीच नाही, तरी दिसतो आणि अंगावर काटा आणतो. आणि नाथांनी उठविलेला नाग? ज्याची श्रद्धा आहे तो म्हणतो, तो रानातल्या नागासारखाच होता. ज्याची नाही तो म्हणतो, तो दोरीवरच्या नागासारखा होता. मधली जागा कोणी घेत नाही. आपणांस मात्र तिचाच विचार कर्तव्य आहे.

आद्य शंकराचार्यांनी मांडूक्यकारिकांवरील भाष्यात एका मायावी पुरुषाचे उदाहरण घेतले आहे. तो आकाशात सूत फेकतो, शस्त्रे घेऊन त्यावरून चढतो, दिसेनासा होतो, त्याचे अवयव तुटून खाली पडतात आणि तो पुन्हा उठून उभा राहतो. लोक थक्क होतात. परंतु खरा मायावी आरंभापासून जमिनीवरच उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आचार्यांस त्यातून सांगावयाचे आहे ते हे की, जागृती, स्वप्न, सुषुप्ती हा सर्व पसारा त्या सुतावरच्या चढण्यासारखा असून तुरीय तत्त्व जमिनीवरच्या मायावीसारखे आहे. दृष्टान्त अत्यंत सुंदर आहे. पण एकदा तो मान्य केला की जत्रेतला खेळ आणि सूर्योदय यांत शेवटी पायरीचाच भेद उरतो. जेथे जगच इंद्रजाल, तेथे चमत्कार आणि जादू यांचा निवाडा करण्याची निकड कोणास राहणार?

आपल्या दर्शनास ही सोय नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून सर्वथा भिन्न सांगितले. कार्यरूप प्रपंच अनित्य आहे, तो संहारात मोडतो. पण अनित्य म्हणजे मिथ्या नव्हे. मातीचे मडके उद्या फुटणार आहे, म्हणून आज त्यात पाणी राहत नाही असे कोणी म्हणत नाही. जग खरे मानणाऱ्यावर एक बोजा पडतो: जगात अमुक घडले असे तो म्हणतो, तेव्हा ते घडले की नाही या प्रश्नास त्याला उत्तर द्यावेच लागते. ‘सर्व मायाच आहे’ असे म्हणून त्याला निसटता येत नाही. सांगलीच्या त्या तरुणाचा प्रश्न म्हणूनच महानुभावास अधिक बोचतो, आणि तो बोचावा हेच योग्य आहे.

आपल्या शास्त्राप्रमाणे पाहता अघटित दिसणाऱ्या गोष्टींचे तीन निरनिराळे प्रकार होतात. हातचलाखीचा पहिला, तेथे वस्तू नाही, पाहणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे वळविलेले आहे, एवढेच. दुसरा विद्येचा, सिद्धीचा. येथे आपले शास्त्र आजच्या विवेकवाद्यांहून वेगळे बोलते. कर्मभूमीच्या देवतांपासून मायेपर्यंत एक्क्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा देवतांचे चक्र आपण मानतो, आणि त्या देवता आपापल्या सामर्थ्याप्रमाणे फळ देतात असेही मानतो. म्हणजे देवतेचे फळ नाहीच, असे आपण म्हणत नाही. आपण म्हणतो ते याहून कठोर आहे: देवता स्वतः नित्यबद्ध आहे, ती देईल ते भोगून संपणारे आहे, आणि तिच्याकडून मोक्ष कधीही नाही. तिसरा प्रकार परमेश्वराच्या लीळेचा. परमेश्वर नित्यमुक्त असून त्याची सर्व प्रवृत्ती जीवाच्या उद्धरणासाठी आहे.

येथे एक शंका संभवते. मांढरदेवच्या डोंगरावर, वाई तालुक्यात, झाडांच्या बुंध्यांस खिळे ठोकून लिंबे, बाहुल्या आणि माणसांची छायाचित्रे टांगलेली अनेकांनी पाहिली आहेत. कोणाचे वाईट व्हावे म्हणून हा उद्योग. देवतेचे फळ मानणाऱ्याने या करणीसही खरे मानावे काय? यावर माझे उत्तर असे की, देवता आहे हे मानणे आणि लिंबाला खिळा ठोकल्याने देवता शेजाऱ्याचा संसार मोडते हे मानणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर शास्त्राने नव्हे, भीतीने आणि द्वेषाने भरलेले आहे. तेथे २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसे गेली. ती करणीने गेली नाहीत. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि आवरता न येणारी गर्दी यांनी गेली.

दुसरी शंका अधिक खोल आहे, आणि ती त्या तरुणाच्या मनात असावी. हे सारे सांगूनही आपल्या ग्रंथांत असलेले अघटित उरतेच. ज्या फलटणात आम्ही बसलो होतो तेथेच श्रीचक्रपाणी प्रभूंचा अवतार. माहूरला श्रीदत्तात्रेय प्रभूंनी वाघाच्या रूपाने त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला. पुढे द्वारावतीस त्यांनी तो देह सोडला आणि भडोच येथे प्रधानपुत्र हरिपाळदेव यांच्या निघून गेलेल्या देहाचा स्वीकार केला. गर्भाचा, पतिताचा आणि दवडण्याचा अशा अवताराच्या ज्या रीती आपण सांगतो, त्यांतील ही पतिताची रीत. स्मशानात नेलेला देह उठून बसला, याहून मोठा चमत्कार कोणता? आणि तो नाकारला तर आपल्या धर्मास राहिले काय?

मी तो नाकारीत नाही. तथापि लीळाचरित्र वाचताना एक गोष्ट मला वारंवार थांबविते. म्हाइंभटांनी इतक्या काटेकोरपणे लीळा गोळा केल्या, ज्याने जे पाहिले त्याच्याकडे जाऊन विचारले, तरी त्या उठण्याने भडोचात कोणी अनुसरला असे त्यात येत नाही. लोकांना त्यांचा प्रधानपुत्र परत मिळाला. ते आनंदाने घरी गेले. बापाला पुत्र मिळाला, पत्नीला पती मिळाला. घरात पुढे द्यूत झाले, दागिन्यांवरून शब्द झाले. अनुसरले ते फार पुढे, आणि ते निराळ्या कारणाने. म्हाइंभट आले ते आपल्या विद्वत्तेच्या अभिमानाने वाद करावयास. जिंकले गेले ते निरूपणाने. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली आला आणि स्वामींनी त्याला राखले, त्या लीळेत तर निसर्गाचा कोणताच नियम मोडलेला नाही. कोणीही दयाळू मनुष्य तसे करू शकेल. तरी आपल्या संप्रदायाची अहिंसा ज्या लीळांनी उभी केली त्यांत तिचे स्थान मोठे आहे.

मला यातून असे दिसते की, लीळेचे प्रमाण तिच्या अघटितपणात नाही. अघटितपणा बाजूला केला तरी ती जीवात काही ठेवून जाते. जादूचे उलट आहे: अघटितपणा गेला की तीत काही उरत नाही. जादू टिकावी म्हणून पाहणाऱ्याने न जाणणे आवश्यक असते. परमेश्वराची लीळा जीवाने जाणावे म्हणूनच असते. ज्या गोष्टीच्या मुळाशी ‘विचारू नका’ असा पहारा बसवावा लागतो, ती कोणाच्याही नावाने चालली असली तरी गारुडाच्या जातीची होय. (याबाबत रंगमंचावरचा जादूगार प्रामाणिक म्हटला पाहिजे. तो तिकीट लावून सांगतो की मी तुम्हांला फसविणार. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले तेव्हा धनुष्य मोडणारा नट राम नव्हे हे कोणास ठाऊक नव्हते?)

आता ती गोष्ट सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी वारणाकाठच्या एका गावात माझा चातुर्मास होता. श्रावणातील पावसाची रात्र. एका वासनिकाच्या नऊ वर्षांच्या मुलाला गोठ्याजवळ पायास साप चावला. मारलेला साप त्यांनी कंदिलाच्या उजेडात दाखविला. अंगावर साखळीसारखे ठिपके, म्हणजे घोणस. मुलाची आजी त्याला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाबा, विशेष लावा. तुमच्याशिवाय कोण हाय आमाला?”

मला त्याच वेळी सांगावयास पाहिजे होते की, आजी, आधी दवाखाना. मी सांगितले नाही. मी देवपूजा उघडली, विशेष मुलाच्या कपाळी लावले, सर्वांस बसवून नामस्मरण केले. माझा भाव खोटा नव्हता. पण त्या भावात एक गोड अहंकार मिसळला होता, की संकटात लोक माझ्याकडे आले. अर्धा घटका म्हणता म्हणता पाऊण तास गेला. पाय सुजत चालला, दंशातून रक्त थांबेना. गावच्या शाळेचे गुरुजी तेथे आले. ते आपल्या धर्माचे नव्हते. त्यांनी मला नमस्कारही केला नाही. मुलाला उचलले, त्याच्या बापाला मागे बसवून मोटारसायकलवरून चिखलातून नेले. घोणसाचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच काढून घेते. इस्पितळात काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहतात. मुलाचे गोठले नाही. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली सर्पविषावरील लस त्याला दिली, आणखी दिली. दहा दिवसांनी तो घरी आला.

गावाने त्याला वाजतगाजत माझ्याकडे आणले. “बाबांच्या विशेषाने पोर वाचले.” मी काय बोललो? “परमेश्वराची कृपा.” हे वाक्य खोटे नाही. परंतु खरे वाक्य झाकणासारखेही वापरता येते, आणि मी ते तसे वापरले. गुरुजी मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते निघून गेले.

दोन पावसाळ्यांनंतर त्याच गावात जमिनीवर झोपलेल्या एका बाईंना पहाटेच्या सुमारास मण्यार चावली. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास. घरचे म्हणाले, बाबांचे विशेष मागच्या खेपेस आले होते, ते येऊ द्या. मी तेव्हा दूर विदर्भात होतो. शेजारच्या गावातील एका उपदेशी कुटुंबाकडून विशेष आणावयास माणूस गेला. तो परत येईपर्यंत उजाडले होते. बाई वाटेतच गेल्या. हे मला पुढे एका पत्रावरून कळले. ज्यांनी लिहिले त्यांनी मला दोष दिला नव्हता. बाबा, तुम्ही असता तर वाचल्या असत्या, असे लिहिले होते. त्या वाक्याइतके मला दुसरे काही लागलेले नाही.

आता ‘असणे’ म्हणजे काय, या प्रश्नाकडे परत येतो. बौद्ध नैयायिक धर्मकीर्तीने सत् वस्तूचे लक्षण असे मानले की, जी काही कार्य करू शकते ती सत्. चित्रातला अग्नी भात शिजवीत नाही, म्हणून तो अग्नी नव्हे. हे लक्षण मला दीर्घकाळ पुरेसे वाटत असे. त्या पत्रानंतर ते पुरेसे राहिले नाही. वारणाकाठचा तो चमत्कार कधी घडलाच नव्हता. जगात त्याला कोठेही जागा नव्हती. तरी त्याने कार्य केले. त्याने एका घराला पहाटेपर्यंत थांबवून धरले. दोरीवरचा साप चावत नाही असे आपण म्हणतो. पण त्याला पाहून मागे सरलेला मनुष्य विहिरीत पडू शकतो.

आपल्या शास्त्रात याला नेमका शब्द आहे: अन्यथाज्ञान. जे जसे नाही ते तसे जाणणे. ते प्रपंचात नसते, देवतेत नसते. ते जीवाच्या ठिकाणी असते, आणि तेथून खरी फळे देते. म्हणून ‘हे घडले नाही’ एवढे म्हणून जबाबदारी संपत नाही. न घडलेली गोष्ट कोणाच्या तरी तोंडून आणि कोणाच्या तरी मौनातून अस्तित्वात येते. या गोष्टीचे मौन माझे होते. आजी अज्ञ होती, गाव भोळे होते, असे म्हणणे मला सोपे जाईल. पण त्या सर्वांत खरे काय ते जाणणारा मी एकटा होतो, आणि गुरुजी. गुरुजींचे कोणी ऐकले नसते. माझे ऐकले असते.

साताऱ्यात जन्मलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीद्वारे या गोष्टींविरुद्ध जन्मभर काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या काही बंधूंस त्या कायद्याची भीती वाटली होती. त्यांनी तो वाचावा. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांचे साहित्य छापणे यास त्यात मनाई नाही. मनाई आहे ती तथाकथित चमत्काराचे प्रयोग करून पैसा मिळविण्यास, फसविण्यास, दहशत घालण्यास. आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्यास उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे देण्यास. हे शेवटचे कलम मी प्रथम वाचले तेव्हा वही मिटून बसलो. मी मुलाला कोणी न्यावे म्हणून अडविले नव्हते, पैसाही घेतला नव्हता, माझा गुन्हा कदाचित त्या शब्दांत बसणार नाही. सर्वज्ञांपुढे मात्र कलमांची मोजणी चालत नाही.

कोणी विचारतील, मग विशेष म्हणजे काय, तो नुसता दगड काय? नाही. ज्या पाषाणास अवताराचा संबंध घडला, तो आम्हांस वंद्य आहे. त्याला मस्तक लावले की स्वामींची आठवण होते, लीळा डोळ्यांपुढे उभी राहते, नाम मुखी येते. तो स्मरणासाठी आहे. ज्या क्षणी मी तो औषधाच्या जागी ठेवला, त्या क्षणी मी परमेश्वराच्या संबंधाला देवतेच्या फळाच्या बाजारात नेऊन बसविले. ज्या स्वामींनी आमच्या पूर्वजांस क्षुद्र देवतांच्या मागण्यांतून सोडविले, त्यांचेच विशेष मी एका मागणीपुढे उभे केले. दुःख झालेल्या घरात विशेषाचे दर्शन अवश्य द्यावे, नामस्मरण अवश्य करावे; रुग्ण दवाखान्याच्या वाटेला लागल्यावर.

सांगलीच्या त्या तरुणास मी पुढे पत्र लिहिले आणि हे सर्व कळविले. त्यांचे उत्तर आले की, बाबा, मग त्या गावात जाऊन हे सांगितले का? मी सांगितले नव्हते. इतक्या वर्षांत दोनदा त्या वाटेने गेलो होतो, आणि दोन्ही वेळा न थांबता.

म्हणून गेल्या मार्गशीर्षात गेलो. तो मुलगा आता चौतिशीचा गृहस्थ आहे. उसाची वाहतूक करतो. त्याच्या ओसरीवर दहा-बारा माणसे जमली. मी रात्रीचा वृत्तान्त जसा घडला तसा सांगितला. पाऊण तास कोणी घालविला, मुलाला कोणी नेले, कोणत्या औषधाने रक्त गोठू लागले, आणि मी नंतर काय बोललो. एक वृद्ध वासनिक हात जोडून म्हणाले, “बाबा, आमचा चमत्कार काढून घेऊ नका.” मी म्हणालो, तो तुमचा नव्हता, माझा होता, म्हणून मीच परत मागावयास आलो आहे. गेलेल्या बाईंचे पती कोपऱ्यात बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. मी त्यांच्यापुढे जाऊन दंडवत घातला. भिक्षुकाने गृहस्थास दंडवत घालावा की नाही, याची चर्चा नंतर झाली. ती ज्यांना करावयाची त्यांनी करावी.

सर्व उठल्यावर त्या मुलाने, म्हणजे त्या गृहस्थाने, विचारले, “बाबा, मग मी वाचलो त्यात परमेश्वर कोठे होता?” मी म्हणालो, मला इतके दिसते की त्या रात्री त्या ओसरीवर ज्याला जीवाची दया होती, तो मोटारसायकल घेऊन आला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी अजून आहेत. खालच्या आळीला राहतात. आपण कोणी कधी त्यांच्याकडे गेलोच नाही.”

आम्ही दोघे निघालो. गुरुजी अंगणात म्हशीला वैरण घालीत होते.